जिल्हे वाढले, अधिकार वरच राहिले

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. मधल्या काळात रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, औरंगाबाद आणि परभणीतून जालना, उस्मानाबादेतून लातूर, चंद्रपुरातून गडचिरोली, अकोल्यातून वाशिम, धुळ्यातून नंदुरबार, परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. मुंबईची उपनगरं वेगळी झाली आणि २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर बाहेर पडला. तरी मागणी संपलेली नाही. मालेगाव, अंबाजोगाई, उदगीर, किनवट, खामगाव, पुसद, अचलपूर, चिमूर, अहेरी अशी नावं वर्षानुवर्षं घेतली जातात. महाराष्ट्र दिन जवळ आला की नव्या जिल्ह्यांची कुठलीशी यादी मोबाइलवर फिरू लागते आणि ‘असा कोणताही प्रस्ताव नाही’ हा खुलासा मागाहून येतो.

या मागण्यांची टिंगल करणं सोपं आहे. त्यामागची तक्रार मात्र खरी आहे. सरकार लांब आहे, आपलं कुणी ऐकत नाही, निधी आपल्यापर्यंत पोचत नाही, ही ती तक्रार. माझं म्हणणं एवढंच की तिचं उत्तर जिल्ह्याच्या सीमेत सापडणार नाही. जिल्हा फोडल्याने कार्यालयं वाढतात. निर्णय घेण्याचा अधिकार एक पायरीही खाली उतरत नाही. जी पायरी खरोखर लोकांच्या जवळ आहे, ती म्हणजे तालुका. तिला आपण काहीच दिलेलं नाही, आणि नव्या जिल्ह्याच्या घोषणांमध्ये ही गोष्ट झाकली जाते.

आधी जिल्हा होतो कसा ते पाहू. नवं राज्य करायचं तर संविधानाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसदेने कायदा करावा लागतो, त्याआधी राष्ट्रपतींना संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं. जिल्ह्याला यातलं काही लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या चौथ्या कलमाखाली राज्य सरकार अधिसूचना काढून जिल्हा निर्माण करू शकतं, त्याच्या सीमा बदलू शकतं आणि तो रद्दही करू शकतं. अट आहे ती मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची. विधानसभेत मतदान व्हावं लागत नाही. जिल्हा ही महसूल प्रशासनाच्या सोयीची रेघ आहे, असंच हा कायदा मानतो.

जी रेघ सहज ओढता येते ती सहज पुसताही येते, हे राजस्थानने दाखवून दिलं. २०२३ मध्ये, निवडणुकीच्या वर्षात, तिथल्या काँग्रेस सरकारने जिल्ह्यांची संख्या ३३ वरून ५० वर नेली. सत्ता बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये भाजप सरकारने त्यातले नऊ जिल्हे आणि तीन नवे विभाग रद्द केले, उरले ४१. नीम का थाना, सांचोर, अनुपगड, केकडी इथल्या लोकांनी जिल्हा झाल्याचा आनंद साजरा केला आणि दीड वर्षात तो जिल्हा गेलाही. तेलंगणाने २०१६ मध्ये एका दिवसात १० जिल्ह्यांचे ३१ केले, पुढे ३३. आंध्र प्रदेशाने २०२२ मध्ये १३ चे २६ केले. २००१ च्या जनगणनेत देशात ५९३ जिल्हे होते, २०११ मध्ये ६४०, आणि आता संख्या पावणेआठशेच्या पुढे गेली आहे. देशातली इतर कुठलीही शासकीय रचना इतक्या सहजपणे बदलत नसेल.

या सहजतेचं मूळ जिल्ह्याच्या जन्मातच आहे. पेशवाई संपल्यावर १८१८ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेला मुलूख पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाडकडचा कर्नाटक असा वाटला आणि प्रत्येकावर एक इंग्रज अधिकारी नेमला. साताऱ्याचा भाग छत्रपती प्रतापसिंहांकडे राहिला. प्रश्न एकच होता: एका माणसाला किती मुलखावर नजर ठेवता येईल आणि किती मुलखाचा सारा गोळा करता येईल? कलेक्टर हे नावच त्या कामावरून पडलं. जिल्हा जन्माला आला तो वरून खाली पाहण्यासाठी. खालच्या माणसाने वर पाहावं, प्रश्न विचारावा, निर्णयात भाग घ्यावा, हे त्या रचनेत कुणाच्या मनातही नव्हतं.

महाराष्ट्राने ही रचना एकदा मनापासून बदलायचा प्रयत्न केला होता. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये देशासाठी गट हा स्थानिक स्वराज्याचा मुख्य स्तर सुचवला होता. वसंतराव नाईक समितीने महाराष्ट्रासाठी त्यापेक्षा वेगळी वाट धरली आणि जिल्हा परिषदेला मध्यवर्ती स्थान दिलं. १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेच्या कारभारातून मुद्दाम बाहेर ठेवलं गेलं. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती यांची कामं निवडून आलेल्यांच्या हाती आली. राज्याच्या राजकारणातली कितीतरी माणसं या परिषदांमध्ये घडली. कलेक्टरच्या जिल्ह्याला लोकांचा जिल्हा करण्याचा हा देशातला एक धाडसी प्रयोग होता.

पुढे मात्र पाण्याने उलटी दिशा धरली. परिषदेकडची काही कामं राज्याच्या खात्यांनी परत घेतली. ७४व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत अशी तरतूद आहे. व्यवहारात या समितीची सूत्रं पालकमंत्र्यांकडे गेली. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा कुठे जाणार, हे तिथे ठरतं. म्हणूनच कुठल्या जिल्ह्याचं पालकमंत्रिपद कोणाकडे, यावरून सरकारं अडून बसतात. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि लगेचच रायगड आणि नाशिकच्या नेमणुका थांबवाव्या लागल्या, त्या याच कारणाने. मुंबईहून नेमलेल्या एका मंत्र्याच्या हाती जिल्ह्याच्या चाव्या असतील, तर तो जिल्हा लोकांच्या जवळ आला असं कसं म्हणायचं? आणि असे जिल्हे ३६ ऐवजी ५० झाले, तर पालकमंत्रिपदं ५० होतील, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो टाळून ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. मोठ्या जिल्ह्यात गरीब भाग सरासरीखाली झाकला जातो. विभाजनाआधीचा ठाणे जिल्हा याचं ठळक उदाहरण. २०११ च्या जनगणनेत तो एक कोटी दहा लाखांवर लोकसंख्येचा, देशातला सर्वांत जास्त वस्तीचा जिल्हा होता. ठाणे, कल्याण, नवी मुंबईच्या इमारती आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे एकाच आकडेवारीत मोजले जात. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा मुंबईच्या इतक्या जवळ हे घडू शकतं यावर राज्याचा विश्वास बसेना. जिल्ह्याच्या सरासरीत तो भाग कधी दिसलाच नव्हता. गडचिरोलीचंही तसंच. चंद्रपूरच्या कोळसा-सिमेंटच्या पट्ट्यापासून १९८२ मध्ये तो वेगळा झाला नसता, तर त्याची वेगळी जिल्हा परिषद, वेगळी योजना, २०११ मध्ये आलेलं गोंडवाना विद्यापीठ हे सगळं किती लांबलं असतं कुणास ठाऊक. ज्याची वेगळी मोजणी होते त्याच्याकडे लक्ष जातं, हे खरं आहे.

पण हाच मुद्दा पुढे नेला की अडचण दिसते. पालघर जिल्हा आदिवासी भागासाठी झाला असं म्हटलं गेलं. त्यात आठ तालुके आले: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा. २०११ च्या आकड्यांप्रमाणे या जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांच्या जवळ होती आणि त्यातले बारा लाखांहून अधिक लोक एकट्या वसई-विरार शहरात राहत होते. म्हणजे ठाण्याच्या सरासरीतून बाहेर पडलेला मोखाडा आता वसई-विरारच्या सरासरीत जाऊन बसला. जव्हारला मुख्यालय मिळावं ही तिथल्या लोकांची मागणी होती. मुख्यालय पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, पालघरला झालं. नव्या मुख्यालयाच्या इमारतींचं उद्घाटन व्हायला २०२१ साल उजाडलं. मोखाड्यातल्या गंभीर रुग्णाला आजही अनेकदा नाशिक गाठावं लागतं. त्याच्या आयुष्याची दिशा जिल्ह्याच्या रेघेने बदललेली नाही.

एकत्र कुटुंबाची वाटणी व्हावी, चुली वेगळ्या व्हाव्यात आणि तिजोरीची किल्ली मात्र आधीच्याच माणसाच्या कमरेला राहावी, तसं हे विभाजन असतं.

आणखी एक उदाहरण विचार करायला लावणारं आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातले ११२ मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. यातले पहिले तीन विभाजनातून झालेले आणि चौथ्यातून लातूर वेगळा झालेला. जिल्हा फोडल्यामुळे हे भाग मागास राहिले, असा निष्कर्ष कुणी काढू नये; ते आधीपासूनच मागास होते, आणि वेगळे नसते तर कदाचित यादीत आलेही नसते. पण वेगळा जिल्हा झाला की विकास आपोआप येतो, हे आश्वासन मात्र या यादीने पुरतं खोटं ठरवलं. वाशिम आणि नंदुरबारला वेगळं होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, गडचिरोलीला छत्तीस. पुढे २०२३ मध्ये केंद्रानेही निवडीचं एकक खाली आणलं आणि ५०० आकांक्षित गट निवडले. जिल्ह्याची सरासरी पुरेशी नाही, ही कबुलीच होती ती.

महाराष्ट्राला हे आधीच कळलं होतं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास म्हणून १२५ तालुके निवडले गेले. खेड्यातल्या मुलींना शाळेत पोचवणाऱ्या निळ्या एसटी गाड्या याच कार्यक्रमातून आल्या. त्यासाठी एकही सीमा बदलावी लागली नाही, एकही मुख्यालय बांधावं लागलं नाही. कुठले तालुके मागास हे मोजलं आणि त्या तालुक्यांत गाडी पाठवली. मोजणी खाली नेली तर जिल्हा न फोडताही गरीब भाग दिसतो, याचा हा रोजचा पुरावा आहे.

उरतो अंतराचा मुद्दा. १७९० मध्ये फ्रान्सने आपल्या जुन्या प्रांतांची मोडतोड करून ८३ विभाग आखले, तेव्हा मुख्य गावी घोड्यावरून दिवसभरात पोचता यावं हा हिशेब त्यात होता. १९८१ मध्ये सावंतवाडीच्या माणसाला रत्नागिरी गाठायचं म्हणजे दिवस जायचा. सिंधुदुर्ग होणं त्याच्यासाठी मोठी सोय होती. आज परिस्थिती निराळी आहे. सातबारा मोबाइलवर मिळतो. दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ आहे, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळवण्याचा हक्क देणारा २०१५ चा कायदा आहे. नेटवर्क नसलेल्या गावांत हे सगळं कागदावरच राहतं, हे मान्य. पण जिथे अडतं तिथेही बहुतेक कामं तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय याच पातळीवर अडतात. सामान्य माणूस जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी वर्षातून किती वेळा चढतो? तहसीलची किती वेळा? उत्तर प्रत्येकाला ठाऊक आहे.

तालुक्याच्या ठिकाणी नेमकं काय आहे ते पाहा. तहसीलदार महसुलाचा, गटविकास अधिकारी पंचायत समितीचा, तालुका कृषी अधिकारी कृषी खात्याचा, तालुका आरोग्य अधिकारी आरोग्याचा, गटशिक्षणाधिकारी शिक्षणाचा. प्रत्येकाचा वरिष्ठ जिल्ह्यात बसतो. या सगळ्यांनी एकत्र बसून आपल्या तालुक्याचा एखादा निर्णय घ्यावा, अशी सत्ता कोणाकडेच नाही. पंचायत समितीला सभापती असतो, पण स्वतःचं उत्पन्न जवळपास नसतं. चौदाव्या वित्त आयोगाने आपला निधी थेट ग्रामपंचायतींना दिला तेव्हा समित्या रिकाम्या हाताने बसल्या. पंधराव्याने थोडा वाटा परत दिला. ज्या स्तरावर लोकांची सर्वांत जास्त ये-जा, तो आपल्याकडे सर्वांत दुबळा आहे.

देशात याच्या उलट वाटेने गेलेली राज्यं आहेत. आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांनी १९८५ मध्ये जुने तालुके मोडून अकराशेच्या आसपास मंडलं केली. जिल्ह्यांना हात न लावता त्यांनी लोकांना रोज लागणारं कार्यालय लोकांच्या जवळ नेलं. केरळची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९८४ मध्ये कासरगोड झाला तेव्हापासून तिथे १४ जिल्हे आहेत. २०११ मध्ये मलप्पुरमची लोकसंख्या ४१ लाखांवर होती, तो फोडावा अशी मागणीही तिथे होते. तरी केरळने १९९६ मध्ये मोठं पाऊल उचललं ते वेगळ्या दिशेने: लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला आणि त्यासोबत दवाखाने, शाळा, कृषी कार्यालयं त्यांच्या देखरेखीखाली आणली. केरळचे जिल्हे आकाराने मुळातच लहान आहेत, तिथे गावं मोठी आणि साक्षरता जुनी, हे फरक नाकारता येत नाहीत. पण पैसा आणि माणसं खाली द्यायला साक्षरतेची वाट पाहावी लागत नाही; लागते ती वरच्यांची तयारी.

आपल्याकडे ती तयारी किती आहे, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट झालं. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि त्या वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरं. पण निवडणुका घ्या असं सांगायला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं. या काळात बहुतेक जिल्हा नियोजन समित्यांमधले स्थानिक लोकप्रतिनिधीही उरले नाहीत. पैसा वाटला तो मंत्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी. नव्या जिल्ह्यासाठी बंद पाळणाऱ्या, रास्ता रोको करणाऱ्या गावांपैकी किती गावं आपल्या असलेल्या जिल्ह्यात निवडून आलेली परिषद नाही म्हणून रस्त्यावर उतरली? आपण जिल्हा मागतो ते नाव आणि मान म्हणून. त्याच्या आतलं स्वराज्य गेलं तरी आपल्याला त्याचं फारसं काही वाटत नाही.

नाव आणि मान हवा असण्यात गैर काही नाही. पण त्याचा फायदा कुणाला होतो हेही बघायला हवं. मुख्यालयाच्या गावात जमिनीचे भाव चढतात, बाजारपेठ वाढते, पदं निर्माण होतात, एका नेत्याचा प्रभाव पक्का होतो. शेजारचा तालुका आहे तिथेच राहतो. म्हणून तर जिल्ह्याच्या मागणीपेक्षा मुख्यालयाचं भांडण तीव्र असतं. सध्याचा अहिल्यानगर जिल्हा १७ हजार चौरस किलोमीटरचा, गोव्याच्या चौपटीहून मोठा. त्याचं विभाजन व्हावं यावर फारसा वाद नाही. संगमनेर, श्रीरामपूर की शिर्डी, यावर तो अडला आहे. मराठवाड्यात दुसरं विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, हा वादही त्याच जातीचा. लोकांच्या सोयीचा प्रश्न असता तर उत्तर अंतर मोजून मिळालं असतं.

मग जिल्हे मुळीच फोडू नयेत का? तसं मी म्हणत नाही. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंचाचं मुख्यालयापासूनचं अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे; मधे जंगल आणि नद्या आहेत. अशा ठिकाणी वेगळा जिल्हा हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. पण आधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली: अहेरी किंवा मालेगावसारख्या ठिकाणी अपर जिल्हाधिकारी कार्यालयं आहेतच, त्यांना पूर्ण अधिकार, स्वतंत्र निधी आणि पुरेशी माणसं द्यावीत आणि पाच वर्षांत काय फरक पडतो ते बघावं. दुसरी, अधिक महत्त्वाची: जिल्हा वार्षिक योजनेतला ठरावीक हिस्सा कायद्याने पंचायत समित्यांना मिळावा आणि तालुक्यातल्या खातेप्रमुखांनी त्या पैशाचा हिशेब निवडून आलेल्या समितीला द्यावा. एवढं केल्यावरही एखाद्या भागाची अडचण सुटत नसेल, तर अंतर, लोकसंख्या आणि दळणवळण यांचे निकष आधी जाहीर करून सीमा बदलावी. मुख्यालय नंतर ठरवावं आणि निकषांनीच ठरवावं.

यावर एक आक्षेप हमखास येईल: पंचायत समितीत भ्रष्टाचार होतो, तिथे पैसा दिला की कंत्राटदार खातात. होतो, आणि जिल्ह्यात होत नाही असं नाही, मंत्रालयात होत नाही असंही नाही. फरक इतकाच की तालुक्यात खाल्लेल्या पैशाचा रस्ता लोकांच्या डोळ्यांसमोर उखडतो आणि जबाबदार माणूस त्यांच्याच गावात राहतो. त्याला पुढच्या वेळी पाडता येतं. प्रशासकाला कोण पाडणार?

२०२७ च्या जनगणनेसाठी देशभर प्रशासकीय सीमा गोठवल्या आहेत, त्यामुळे नव्या जिल्ह्यांचा विषय काही काळ पुढे ढकलला गेला आहे. ही सवड नकाशे रंगवण्यात घालवू नये. निवडणुकीत उमेदवार गावात येईल तेव्हा आपला तालुका जिल्हा कधी होणार, हे त्याला विचारण्याआधी दुसरे प्रश्न विचारावेत. आपल्या तालुक्यात किती पैसा खर्च होतो? त्यातला किती इथे, आपण निवडलेल्या माणसांनी ठरवलेला असतो? आणि निवडून आलात तर त्यातला किती वाढवाल? ज्याला या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, त्याने जाहीर केलेल्या जिल्ह्यात राहून आपल्या हाती नव्या पाटीपलीकडे काही लागणार नाही.